होकार येईपर्यंत

फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर होते. जानेवारीचा शेवटचा दिवस होता. अंबाबाईच्या किरणोत्सवासाठी आईला देवळात नेऊन आणायचे, म्हणून चार दिवसांची रजा काढून आले होते. दिल्लीहून बोलणाऱ्या वरिष्ठ सहकाऱ्याने फारशी प्रस्तावना न करता सांगितले की, पश्चिम आशियातील एका देशात राजदूत म्हणून माझे नाव सुचवले गेले आहे, माझी काही अडचण असेल तर ती आजच सांगावी आणि नसेल तर यापुढे हा विषय कोणाजवळही काढू नये. अडचण नव्हती. फोन ठेवून मागे वळले, तर दादा चहाचे दोन कप घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच कळले की त्याने सगळे ऐकले आहे.

त्या देशाचे नाव मी इथे लिहीत नाही. मी निवृत्त झाले असले, तरी तिथली काही माणसे अजून पदांवर आहेत, आणि ज्यांनी आपल्याला होकार दिला त्यांना मागाहून अवघडवू नये, एवढी सवय या नोकरीने लावली आहे.

राजदूत कसा होतो, हा प्रश्न मला कोल्हापुरात जितक्या वेळा विचारला गेला तितक्या वेळा दिल्लीतही कोणी विचारला नसेल. बहुतेकांच्या मनात मंत्रिपदाचे चित्र असते: यादी जाहीर होते, शपथ होते, हार पडतात. मला मात्र पहिल्या फोनपासून प्रत्यक्ष राजदूत होईपर्यंत सात महिने लागले, आणि त्यातले पहिले चार महिने तर मी कोणीच नव्हते, असे म्हटले तरी चालेल.

मी राजाराम कॉलेजातून पदवी घेऊन केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसले ते जिल्हाधिकारी होण्याच्या इच्छेने. गुणानुक्रमे परराष्ट्र सेवा वाट्याला आली. आमच्या जिल्ह्याला ही सेवा अगदीच अनोळखी नव्हती. शिरोळ तालुक्यातील अब्दुल लाटचे ज्ञानेश्वर मुळे १९८३ मध्ये याच सेवेत दाखल झाले होते, त्यामुळे वडिलांना निदान एक उदाहरण तरी सांगता येत होते. आमच्या तुकडीत वीसही जण नव्हते. मसुरीच्या अकादमीतले दिवस आणि दिल्लीतील प्रशिक्षण यांबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे, ते पुन्हा सांगत नाही. प्रत्येकाला एक परकीय भाषा सक्तीने शिकावी लागते आणि तिची परीक्षा उत्तीर्ण झाल्याशिवाय नोकरीत कायम करत नाहीत. माझ्या वाट्याला अरबी आली आणि शिकण्यासाठी मला कैरोला पाठवले गेले.

तिथल्या पहिल्या महिन्यात मी वर्गात एक वही ठेवली होती. तिच्या डाव्या बाजूला अरबी शब्द आणि उजव्या बाजूला आमच्या घरात बोलले जाणारे शब्द होते: तारीख, मुदत, खर्च, अर्ज, जवाब, दाखल, इशारा. वही भरत गेली तशी भाषेची भीती कमी झाली. घशातून काढायचे काही उच्चार शेवटपर्यंत अवघड राहिले, पण शब्द ओळखीचे होते. 'मुत्सद्दी' हा आपला शब्दही तिकडचाच. 'वकील' तर सरळच अरबी आहे. दुसऱ्याच्या वतीने काम पाहणारा तो वकील. पेशव्यांच्या वतीने दिल्लीच्या दरबारात राहणारे हिंगणे हे या अर्थाने वकील होते. मराठीत वकील पुढे कोर्टात गेला, पण वकिलात मात्र दूतावासाच्या अर्थाने टिकून राहिली. खुद्द अरबीत राजदूताला 'सफीर' म्हणतात, हे कळल्यावर मला उगाचच थोडे वाईट वाटले होते.

नंतरची वर्षे भराभर सांगते, कारण ती गेलीही तशीच. तृतीय सचिव, द्वितीय सचिव, प्रथम सचिव, काउन्सेलर अशी परदेशातली चढण, आणि मध्ये मध्ये दिल्लीत अवर सचिव, उपसचिव, संचालक, सहसचिव. पहिल्या सहा वर्षांत मी एकाही तहाचा मसुदा पाहिला नाही. पाहिल्या त्या बॅगा. रात्री दोन वाजता विमानतळावर उतरणाऱ्या शिष्टमंडळाच्या एकतीस बॅगा मोजून बत्तीसावी कुठे गेली याचा शोध घेणे हीसुद्धा मुत्सद्देगिरीच असते, असे आमचे तेव्हाचे एक वरिष्ठ गंभीरपणे म्हणत. पासपोर्ट हरवलेले खलाशी, पगार अडकलेले गवंडी आणि गावाकडे पाठवायचे मृतदेह यांच्या कागदपत्रांनीच मला या कामाची खरी ओळख करून दिली.

सेवेत आले तेव्हा ज्येष्ठ सहकारी स्त्रिया सी. बी. मुथम्मा यांचे नाव आवर्जून सांगत. १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या त्या पहिल्या महिला अधिकारी, आणि १९७० मध्ये हंगेरीत राजदूत झाल्या. त्या काळच्या नियमांनुसार महिला अधिकाऱ्याला लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी लागे, आणि संसारामुळे कामात अडथळा येतो असे सरकारला वाटले तर लग्नानंतर तिला राजीनामाही द्यायला सांगता येत असे. बढतीत अन्याय झाला म्हणून मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९७९ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या नियमांवर कडक ताशेरे ओढले. माझे लग्न झाले तेव्हा मला कोणाची परवानगी लागली नाही. तरीही अनेक निमंत्रणपत्रिकांवर छापील मजकूर 'राजदूत व त्यांच्या पत्नी' असाच असे, आणि माझे पती त्या पत्रिका जमवून ठेवत.

आता त्या चार महिन्यांकडे वळते. आपल्याकडे राजदूताची निवड संसदेसमोर जात नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी नाव सुचवले की उमेदवाराला सिनेटच्या परराष्ट्र संबंध समितीसमोर बसून प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात आणि मग सिनेटचे मत पडते. आपल्याकडे परराष्ट्र मंत्री आणि पंतप्रधान यांच्या मान्यतेने नाव ठरते. काही मोजक्या ठिकाणी सेवेबाहेरची व्यक्तीही पाठवतात. मॉस्कोतल्या आपल्या पहिल्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित होत्या आणि त्यांच्यानंतर तिथे डॉ. राधाकृष्णन गेले. बाकी बहुतेक ठिकाणी आमच्यासारखे पंचवीस-तीस वर्षे बॅगा मोजलेले लोक असतात.

पण आपल्या सरकारची मान्यता म्हणजे निम्माच रस्ता. १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या चौथ्या कलमाप्रमाणे, ज्या देशात राजदूत पाठवायचा त्या देशाची संमती आधी घ्यावी लागते. तिला आमच्याकडे फ्रेंच शब्दानेच 'अ‍ॅग्रेमाँ' म्हणतात. नकार दिला तर त्याचे कारण सांगण्याचे बंधन त्या देशावर नाही, असेही तेच कलम सांगते. व्यवहारात तर नकार असा क्वचितच येतो; उत्तरच येत नाही आणि न आलेल्या उत्तरातून काय ते समजून घ्यायचे असते. फ्रान्सने २०१५ च्या जानेवारीत व्हॅटिकनसाठी सुचवलेल्या राजदूताबाबत व्हॅटिकनने उत्तरच दिले नाही, आणि पुढच्या वर्षी फ्रान्सने त्या अधिकाऱ्याला युनेस्कोत पाठवले. त्याच २०१५ मध्ये इस्रायलने ब्राझीलसाठी जाहीर केलेले नाव ब्राझीलला मान्य झाले नाही. काही महिन्यांनी त्या गृहस्थांना न्यूयॉर्कला वाणिज्यदूत म्हणून नेमावे लागले. दुसऱ्या प्रसंगात नाव आधीच सर्वांना ठाऊक झाले होते, त्यामुळे अवघडलेपणा जगभर गेला. म्हणूनच होकार येईपर्यंत तोंड बंद ठेवायचे असते.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तिथल्या आमच्या तेव्हाच्या राजदूतांनी माझी माहिती असलेला कागद त्या देशाच्या परराष्ट्र मंत्रालयात नेऊन दिला. एकच पान होते: शिक्षण, भाषा, नेमणुका, कुटुंब. जन्मस्थळाच्या पुढे कोल्हापूर. त्यानंतर चौदा आठवडे काहीही झाले नाही. जवाहरलाल नेहरू भवनातील माझ्या खोलीत मी नेहमीचे काम करत होते, सहकारी काही विचारत नव्हते, आणि ते विचारत नाहीत याचाच अर्थ त्यांना ठाऊक आहे, हे मला कळत होते.

दिल्लीत हे सांभाळता आले, कोल्हापुरात नाही. दादाला मी त्या दिवशी जिन्यातच शपथ घातली होती, आणि त्याने ती पाळली असा त्याचा आजही दावा आहे. त्याने फक्त वहिनीला सांगितले, वहिनीने फक्त मुलाला, आणि मुलाने पेठेतल्या तालमीत. गुढीपाडव्याच्या सकाळी एका मैत्रिणीने मला फोटो पाठवला. आमच्या चौकात, विजेच्या खांबापासून समोरच्या गॅलरीपर्यंत, पंधरा फुटी डिजिटल फ्लेक्स लागला होता. मध्यभागी माझा पासपोर्टसाठी काढलेला फोटो, मागे तिरंगा आणि रंकाळा, वर 'आमच्या आत्या भारताच्या राजदूतपदी! हार्दिक अभिनंदन!', आणि खाली शुभेच्छुक म्हणून बावीस तरुणांचे चेहरे, त्यांतले निम्मे काळ्या चष्म्यातले. देशाचे नावही होते, आणि त्याचे स्पेलिंग चुकले होते, हे त्या क्षणी मला नशीबच वाटले.

मी भाच्याला फोन केला.

"आत्या, बघितलं न्हवं? कसा झालाय?"

"तो आत्ताच्या आत्ता उतरव."

"आओ पर का? सणाचा दिवस हाय. पोरांनी वर्गणी काढलीया."

"अजून झालेलं नाही रे ते. त्या देशानं हो म्हणायचं आहे."

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हंजी तुमी पसंत पडायचाय अजून?"

इतक्या वर्षांत अ‍ॅग्रेमाँचे इतके चपखल मराठी मी ऐकले नव्हते. करारात लिहिले आहे ते हेच: मुलीकडचे तयार आहेत, तिकडून निरोप यायचा आहे, आणि निरोप येण्याआधी मांडव घालायचा नसतो. हे असे मांडल्यावर त्याला पटकन पटले. दुपारपर्यंत फ्लेक्स उतरला. तो फाडायला मात्र कोणी तयार होईना. घडी घालून आमच्याच माळ्यावर ठेवला गेला. या प्रकारापायी मी दिल्लीत स्वतःहून वरिष्ठांना कल्पना दिली. त्यांनी फोटो दोनदा पाहिला आणि एवढेच विचारले, "हे चष्मेवाले सगळे तुमचे नातेवाईक का?"

होकार मेच्या शेवटच्या आठवड्यात आला. उशिराचे कारण मला आजतागायत कळलेले नाही आणि ते विचारण्याची पद्धतही नाही. आठवडाभरात मंत्रालयाने ठरावीक साच्यातले निवेदन काढले: नाव, तुकडीचे वर्ष, सध्या मुख्यालयात सहसचिव, अमुक देशातील पुढील राजदूत म्हणून नियुक्ती, लवकरच कार्यभार स्वीकारणे अपेक्षित. जेमतेम दोन वाक्ये. त्याच संध्याकाळी चौकात फ्लेक्स पुन्हा चढला. देशाच्या नावावर दुरुस्तीची पट्टी चिकटवली होती, आणि दोन महिने माळ्यावर पडून राहिल्याने पडलेली घडी बरोबर माझ्या नाकावरून गेली होती.

जाण्यापूर्वी नियुक्त राजदूताला निरनिराळ्या मंत्रालयांत, व्यापारी संघटनांत, संरक्षण विभागात जाऊन माहिती करून घ्यावी लागते. ती महत्त्वाची असते, पण तिथे मिळणाऱ्या टिपणांची भाषा एकमेकांसारखी असते. जूनमध्ये पहिल्या पावसात मी कोल्हापूरला आले आणि दादाच्या ओळखीने शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत गेले. मालकांनी भट्टीजवळ उभे राहूनच मला एक प्रश्न विचारला: माल पोचल्यावर पैसे किती दिवसांत येतात, आणि नाही आले तर तुमची कचेरी काय करते? मी खरे ते सांगितले. वकिलात वसुली करत नाही. समोरची कंपनी खरोखर आहे का, तिची पत कशी आहे, याची चौकशी करू शकते, वाद झाला तर दोघांना बोलते करू शकते, पण शहाणपण यात आहे की माल सोडण्याआधी बँकेचे पतपत्र, म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट, हातात घ्यावे.

"आणि तुम्ही जाताना काय घेऊन जाता?" त्यांनी विचारले.

मी सांगितले की राष्ट्रपतींच्या सहीचे एक पत्र नेते. ते त्या देशाच्या प्रमुखांना उद्देशून असते, आणि हिच्या बोलण्यावर पूर्ण भरवसा ठेवावा अशी त्यात विनंती असते.

"म्हणजे तेपण पतपत्रच की!"

ते गमतीने म्हणाले होते, पण अरबीत हे अक्षरशः खरे आहे. राजदूताच्या अधिकारपत्रांना 'अवराक अल्-एतिमाद' म्हणतात आणि बँकेच्या पतपत्राला 'एतिमाद मुस्तनदी'. एतिमाद म्हणजे विसंबणे, भरवसा. हे मला कैरोत कोणी शिकवले नव्हते. व्यापाराच्या फायली हाताळताना कळले होते, आणि त्या दिवशी भट्टीच्या धगीत उभे राहून पहिल्यांदा त्याचा उपयोग झाला.

अधिकारपत्राचा मूळ कागद बंद पाकिटात असतो आणि सोबत उघडी प्रत मिळते. आधीच्या राजदूताला परत बोलावल्याचे पत्रही नवीन राजदूतच नेऊन देतो, कारण एका देशाचे दोन राजदूत एकाच वेळी एका राजधानीत राहत नाहीत. जुना निघून गेल्यावर नवा येतो आणि मधल्या काळात प्रभारी अधिकारी काम पाहतो. हे सारे मी आईला समजावत होते, तेव्हा ती म्हणाली, "मग मला करून दाखव."

आईचे वय तेव्हा ब्याऐंशी होते. ती झोपाळ्यावर बसली आणि पदर नीट करून राष्ट्रप्रमुख झाली. मी कपाटातून लग्नपत्रिकेचे एक मोठे पाकीट काढले, दाराशी उभी राहिले, तीन पावले पुढे आले, मान लववली, पुन्हा चार पावले चालले आणि दोन्ही हातांनी पाकीट पुढे केले. तिने ते घेतले, उलटेसुलटे करून पाहिले आणि उघडायला लागली.

"आई, उघडायचं नसतं. शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे द्यायचं."

"वाचायचं नाही?"

"नाही. उघडी प्रत आधीच त्यांच्या मंत्रालयात गेलेली असते."

"एवढं राष्ट्रपतींनी लिहिलेलं, आणि ज्याला लिहिलं तो वाचणार नाही?" तिने पाकीट मांडीवर ठेवून घेतले. झोपाळा थोडा हलला. "मग तुझ्याकडं बघूनच ठरवणार म्हण की ते."

ऑगस्टच्या मध्याला मी तिथे पोचले. सामानात अशोकस्तंभाची मुद्रा असलेली भांडी नव्हती, ती निवासस्थानी आधीच होती. होती ती वहिनीने चार पुड्यांत बांधून दिलेली कांदा-लसूण चटणी. दुसऱ्या दिवशी उघडी प्रत राजशिष्टाचार विभागाच्या प्रमुखांकडे दिली आणि पुन्हा वाट पाहणे सुरू झाले. मूळ पत्र राष्ट्रप्रमुखांच्या हाती पडेपर्यंत मी तिथे नियुक्त राजदूत होते, म्हणजे दरवाजावरची पाटी माझी, पण मंत्र्यांच्या भेटी नाहीत, जाहीर समारंभ नाहीत, गाडीवर झेंडा नाही. निवासस्थानाच्या सामानाची यादी तपासणे, स्वयंपाक्याला पांढरा रस्सा शिकवणे, आणि बंगल्याच्या आवारात पाकिटाऐवजी ट्रे धरून चालण्याचा सराव करणे, यात माझे पंधरा-सोळा दिवस गेले. स्वयंपाक्याने नारळाचे दूध काढण्यात पहिल्याच दिवशी मला मागे टाकले.

समारंभाला त्यांच्या दरबारची गाडी न्यायला आली. मी आईची जुनी इरकल साडी नेसले होते. पैठणीचा आग्रह घरातल्या सर्वांनी केला होता, पण सात पावले न अडखळता चालायचे तर इरकल बरी. मानवंदना झाली, दोन राष्ट्रगीते झाली. आत गेल्यावर मी मनातल्या मनात पावले मोजत होते आणि पुढ्यात झोपाळा नाही याची सारखी जाणीव होत होती. दोन्ही पाकिटे मी दिली, त्यांनी घेतली आणि न पाहता शेजारच्या अधिकाऱ्याच्या हाती सोपवली. मग आम्ही बसलो. मी अरबीत बोलायला लागले तसे ते थांबले आणि हसले. माझा 'ज' 'ग'सारखा येत होता, जसा तो कैरोत सगळ्यांचा येतो.

"हे तुमचे अरबी नाईलच्या काठचे आहे," ते म्हणाले.

मी म्हणाले, "शब्द पंचगंगेच्या काठचे आहेत, उच्चार तेवढे नाईलचे." मग तारीख, मुदत, जवाब हे शब्द आमच्या घरात कसे बोलले जातात ते सांगितले. ठरलेली पंधरा मिनिटे पंचवीस झाली. त्यातली निदान दहा मिनिटे आम्ही शब्दांवरच बोललो, आणि नंतर माझ्या अहवालात ती 'सौहार्दपूर्ण चर्चा' या दोन शब्दांत मावली.

परतताना त्याच गाडीवर आपला झेंडा लावला होता. निवासस्थानी पोचल्यावर आईला फोन केला. तिने पहिला प्रश्न विचारला तो, वाचले का त्यांनी, हा. मी नाही म्हणाले. "बरं," ती म्हणाली, आणि दादाला हाक मारून फोन त्याच्याकडे दिला.

दुसऱ्या दिवसापासून इतर देशांच्या राजदूतांना भेटायला जाण्याचा क्रम सुरू झाला. राजदूतांची ज्येष्ठता देशाच्या आकारावरून किंवा वयावरून ठरत नाही. कार्यभार स्वीकारल्याच्या तारखेवरून आणि वेळेवरून ठरते. राजशिष्टाचार विभागाने त्या आठवड्यात काढलेल्या यादीत माझे नाव सर्वांत शेवटी होते. सतरा दिवसांनी आणखी एका देशाचे राजदूत आले, आणि मी शेवटून दुसरी झाले.